आधी कार्डाचा नंबर विचारा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. मी आयटीआयमध्ये कोपा ट्रेडला, म्हणजे संगणकाच्या अभ्यासक्रमाला शिकवते. वर्गात माझ्यासमोर फक्त मुलं असतात, इथे त्यांच्या शेजारी त्यांचे वडील बसलेत, शाळेतल्या बाई आहेत, सेतू केंद्र चालवणारे दोघं-तिघं आहेत. म्हणून बोलायचं एकच ठेवलं आहे. जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि नेट चालत नाही, तर शोध कुठून सुरू करायचा?

याला कारण या वाचनालयाच्या गुरुजींचा फोन. दिवाळी नुकतीच झाली होती. "बाई, वाचनालयाच्या चारही संगणकांवर पोट्ट्यांनी लिनक्स टाकलं. तीन चालून राह्यले, चौथ्यावर नेटच नाही. एकजण म्हणते कार्ड जळलं, दुसरा म्हणते विंडोजच परत टाका. कामून होत असन असं?"

हे संगणक बदलायची वेळ का आली तेही सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. वाचनालयातले संगणक त्याच्या बरेच आधीचे आहेत. यंत्रं धडधाकट, पण त्यांच्यासाठी दार बंद झालं. त्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकायचा निर्णय पोरांनी घेतला. चांगला निर्णय होता, हे मी सगळ्यांसमोर सांगते.

पण नेट नाही म्हटल्यावर पहिला उपाय काय सुचतो? पुन्हा इन्स्टॉल. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका रात्रीत तीनदा इन्स्टॉल केलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. कपाशीचंच बघा. बोंडअळीसाठी कामगंध सापळे आपण कशाला लावतो? सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, असं कृषी विभागाचे लोक सांगतात. आधी मोजायचं, बोंड फोडून बघायचं, मग औषध. पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे बोंड न उघडता फवारा मारणं आहे.

तर आधी कार्ड म्हणजे काय आणि ड्रायव्हर म्हणजे काय. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, नवीन गुरुजी बदलून जातात. पहिलीतली लेकरं घरी कोलामी बोलतात, गुरुजी मराठी बोलतात. दोघांनाही सांगायचं खूप असतं, पण दोन्ही भाषा येणारी अंगणवाडीची ताई मधे नसेल तर वर्ग पुढे सरकत नाही. नेटवर्क कार्ड हे संगणकाला नेटशी जोडणारं यंत्र आहे, त्याची भाषा त्याला बनवणाऱ्यानं ठरवलेली. ऑपरेटिंग सिस्टीमची भाषा वेगळी. ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ही ती ताई.

विंडोजमुळे एक सवय लागली आहे. लॅपटॉपचं मॉडेल बघायचं, त्या नावानं ड्रायव्हर शोधायचा. लिनक्समध्ये ही सवय सोडा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघतात, मी स्वतः उघडून पाहिलीत. झाकणावरचं नाव बनवणाऱ्याचं असतं, कार्डाचं नसतं. आणि लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटातच असतात. बाहेरून आणायची वेळ क्वचित येते, आणि ती आली आहे की नाही हे कार्डाच्या नंबरावरूनच कळतं.

हा नंबर कसा बघायचा? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि फळ्यावरची पहिली आज्ञा द्या, एलएसपीसीआय. तिच्यापुढे उणे चिन्ह आणि एन, एन, के ही तीन अक्षरं. यादी येईल. त्यात 'इथरनेट कंट्रोलर' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या दिसतील. पहिली जोडी कंपनीची, दुसरी त्या चिपची. ८०८६ दिसलं तर इंटेल, त्यांच्या १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. बाहेरून लावायचा डोंगल असेल तर एलएसयूएसबी ही आज्ञा, तिथे रिअलटेकचा आकडा ०बीडीए. वहीत उतरवून घ्या.

त्याच ओळीखाली आणखी एक ओळ असते, 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही सर्वांत मोलाची ओळ आहे. ती असेल तर ड्रायव्हर कार्डाला चिकटला आहे. मग दुखणं बहुतेक पुढे कुठेतरी आहे, उगाच ड्रायव्हर शोधत बसू नका. ती नसेल तर दुखणं इथेच आहे.

वाचनालयाच्या चौथ्या संगणकाचं सांगते. यादीत रिअलटेकचं १०ईसी:८१६८ हे कार्ड होतं. खाली ड्रायव्हर लिहिला होता आर ८१६९. नंबर ८१६८ आणि ड्रायव्हरचं नाव ८१६९, म्हणून पोरं घाबरली, चुकीचा बसला म्हणाली. चुकीचा नाही. त्या घराण्यातल्या अनेक चिप हाच ड्रायव्हर सांभाळतो. मग 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली. तिच्या उत्तरात 'नो कॅरियर' असे शब्द आले. म्हणजे कार्ड जागं आहे, पण तारेच्या दुसऱ्या टोकाकडून काहीच येत नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं तर लॅन केबलच्या पिनेची प्लास्टिकची कडी तुटलेली. झाडू लागला की पीन मागे सरकायची. नवी पीन क्रिम्प केली, नेट सुरू. त्या संगणकावर मी ड्रायव्हर नावाच्या कशालाही हात लावला नाही.

आता खरोखर ड्रायव्हर नसतो तेव्हाचं. इथे शाळेच्या बाई बसल्यात, त्यांच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं १४ई४:४३६५ हे वायफाय कार्ड आहे. नंबरखाली 'इन यूज' ओळच नव्हती. या कार्डाला कंपनीचा स्वतःचा, बंद कोड असलेला ड्रायव्हर लागतो, डब्ल्यूएल नावाचा. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात आणि मिंटमध्ये त्याचं पॅकेज आहे. पण पॅकेज उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ते पॅकेज. पोहराही विहिरीत, दोरही विहिरीत.

गावात यावर सगळ्यात सोपा उपाय खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं संगणकाला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन म्हणजे एक तारेचं नेटवर्क कार्ड वाटतो, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो. मिनिटभरात नेट येतं. अडचण एकच. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतो पण टिथरिंगचं बटण फिकट राहतं, तेव्हा केबल बदला. शाळेत आमचे दहा-पंधरा मिनिटं यातच गेले.

ड्रायव्हर आला, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरनं बसवला, तरी वायफाय दिसेना. कारण सिक्युअर बूट. ही सोय चालू असलेलं यंत्र सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की एक निळी स्क्रीन येते, 'मॉक मॅनेजमेंट' असं लिहिलेली. ती दहा सेकंद थांबते. कुणी काही दाबलं नाही तर तशीच पुढे जाते आणि सही नोंदवली जात नाही. बाईंनी यंत्र चालू केलं आणि हजेरी घ्यायला गेल्या. परत आल्या तोवर ती स्क्रीन निघून गेली होती. दुसऱ्यांदा समोर बसून 'एनरोल' निवडलं, ठरवलेला पासवर्ड दिला, काम झालं. त्या निळ्या स्क्रीनला व्हायरस समजून वायर उपटणारेही मी पाहिलेत. ती घाबरण्यासारखी नाही, फक्त तिच्यासमोर हजर राहायचं आहे.

ब्रॉडकॉमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या कंपनीच्या जुन्या वायफाय चिपची माहिती खुली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी वाट काढली. एका गटानं कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून, तो चिपशी काय बोलतो ते साध्या भाषेत लिहून काढलं. दुसऱ्या गटानं कंपनीचा कोड पाहिलाच नाही. त्यांनी फक्त ते लिखाण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. २००६ साली कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत तो आला. त्याचाच पुढचा अवतार बी ४३ म्हणून आजही जुन्या लॅपटॉपना चालवतो. पुढे सप्टेंबर २०१०मध्ये कंपनीनं स्वतःच काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. आपण फुकट वापरतो तेव्हा इतकी माणसं इतकी वर्षं त्यासाठी जागली आहेत, हे मुलांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

फर्मवेअरचं थोडक्यात. ताई आली तरी काही कार्डांना रोज सकाळी शिदोरी लागते. यंत्र बंद झालं की ती कार्डं सगळं विसरतात, आणि सुरू होताना ड्रायव्हरनं फर्मवेअर नावाची एक फाइल त्यांच्या हातात द्यावी लागते. ती फाइल नसेल तर यंत्राच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज या आज्ञेत 'फर्मवेअर लोड फेल्ड' अशी ओळ दिसते आणि शेवटी 'एरर उणे २'. उणे २चा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. कार्ड जळलेलं नाही. त्या ओळीत फाइलचं नावही असतं, तेवढीच आणायची. डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाकणाऱ्यांना हे जास्त भेटतं, कारण जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२च्या आधी त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलेशन फाइलीत बंद कोडचं फर्मवेअर नसायचं. कुणाच्या कपाटात डेबियन ११चा जुना पेनड्राइव्ह असेल तर नवा करून घ्या.

आता मला सगळ्यात जास्त शिकवणाऱ्या लॅपटॉपविषयी. माझ्या एका विद्यार्थिनीचा होता. कार्डाचा नंबर बघितला, ड्रायव्हर चिकटलेला, नाव आरटीएल ८७२३ बीई. फर्मवेअर मिळालेलं. डीमेसेजमध्ये एकही तक्रार नाही. वायफायची यादी दिसायची, पण फक्त राउटरच्या खोलीत. ती म्हणाली, "मॅडम, राउटरला चिकटून बसलं तरच चालते जी. ओसरीत आलं की गेलं." विंडोजमध्ये तोच लॅपटॉप ओसरीत चालत होता. म्हणजे कार्ड चांगलं, राउटर चांगला, ड्रायव्हरही हजर. दोन दिवस मी राउटरच्या चॅनेलशी खेळले, वीज वाचवण्याची सोय बंद केली, काही फरक नाही.

मग मागचं झाकण उघडलं. कार्डावर अँटेनाच्या दोन खुंट्या होत्या, पण वायर एकाच खुंटीला होती. बनवणाऱ्यानं दुसरी अँटेना बसवलीच नव्हती. ड्रायव्हर रिकाम्या खुंटीवर कान लावून बसला होता. भिंतीला कान लावून पलीकडचं जेवढं ऐकू येईल तेवढंच त्याला येत होतं. या ड्रायव्हरला अँटेना निवडण्याचा एक पर्याय आहे, अँट-सेल, त्याची किंमत १ किंवा २. फळ्यावर ती ओळ लिहिली आहे, एका छोट्या फाइलीत ठेवायची. २ दिलं, ड्रायव्हर काढून परत चढवला. सिग्नल उणे ऐंशीच्या घरात होता, तो उणे पन्नासच्या घरात आला. इथे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. ती मुलगी लॅपटॉप घेऊन ओसरीत गेली, मग अंगणात, मग गोठ्यापर्यंत. तिथूनच ओरडून सांगितलं, चालून राह्यलं म्हणून.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. लॅपटॉपच्या कडेला किंवा एफ-एनच्या बटणांत वायफायची चावी असते. ती बंद आहे का, हे आरएफकिल ही आज्ञा सांगते. आणि ज्यांनी विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवलं आहे त्यांनी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड कधीकधी अर्धवट झोपेत लिनक्सच्या हाती येतं.

आणि परवा सेतू केंद्रातल्या दादांनी विचारलं होतं, अपडेट केल्यावर चालू असलेलं वायफाय कसं गेलं? बाहेरून बसवलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाचा प्रोग्रॅम हे काम आपोआप करतो, पण त्या बांधणीला लागणाऱ्या, नव्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर करू शकत नाही. तेव्हा यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून जुना कर्नल निवडा, नेट परत येईल, मग त्या नेटवर हेडर उतरवा. दादा, तुमच्या नागरिकांची कामं तेवढ्यानं थांबणार नाहीत.

गुरुजींकडे मी एक रजिस्टर दिलं आहे. वाचनालयाच्या चारही संगणकांचे नंबर आणि ड्रायव्हर पहिल्या पानावर लिहिलेत. बाकीची पानं कोरी आहेत. गावात कुणाच्या यंत्रावर लिनक्स बसलं की एक ओळ भरा, यंत्र, कार्डाचा नंबर, काय अडलं, कशानं सुटलं. सोबत एक पेनड्राइव्ह आणि डेटा जाणारी एक केबल कपाटात ठेवली आहे, ती कुणाच्या घरी राहू देऊ नका.

मागच्या रांगेत एक लॅपटॉप मघापासून मांडीवर दिसतोय. बाळा, लाईन आहे तोवर तो इकडे घेऊन ये. टर्मिनल उघड, आणि मोठ्यानं वाच, कंसात काय लिहिलंय ते.