ब्रह्मदेशातला बंदिवास आणि आपलं नागपूर

(दृश्य : दीक्षाभूमी, सकाळ)

१४ ऑक्टोबर १९५६. याच मैदानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतलं. ते देणारे वयोवृद्ध भिक्खू, भदंत चंद्रमणी, मूळचे ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, अराकानचे. म्हणून त्या देशात काय चाललंय, हे नागपूरकरांना परक्याच्या घरचं वाटू नये.

१ फेब्रुवारी २०२१. राजधानी नेपिडोमध्ये त्या दिवशी नवी संसद भरायची होती. उजाडायच्या आत लष्करानं सत्ता बळकावली आणि लोकांनी निवडून दिलेल्या नेत्या आंग सान स्यू की यांना उचललं. शपथ घ्यायला आलेले शेकडो खासदार आपापल्या खोल्यांत कोंडले गेले, बाहेर बंदूकधारी शिपाई. मग खटल्यांवर खटले. वॉकी-टॉकी बेकायदा बाळगले, कोरोनाचे नियम मोडले, भ्रष्टाचार केला. सुनावणी बंद दाराआड, वकिलांना बाहेर ब्र काढायची मनाई. शिक्षा साठत साठत ३३ वर्षांवर गेली. २०२३ मध्ये ती २७ वर आणली. बाईंचं वय तेव्हा ७८. जून २०२२ पासून तुरुंगात एकांतवास. हिरड्यांच्या दुखण्यानं आईला जेवण जात नाही, असं मुलानं जगाला सांगितलं. तरी बाहेरचा डॉक्टर मिळाला नाही.

(दृश्य : मंडालेची जुनी छायाचित्रं)

मंडाले हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. राजद्रोहाच्या शिक्षेवर लोकमान्य टिळक १९१४ पर्यंत तिथेच होते. लिहायला शाई नाही, शिसपेन्सिल. वह्यांची पानंसुद्धा मोजलेली. १९१२ साली पत्नी गेल्याचं त्यांना त्याच कोठडीत कळलं.

स्यू की यांच्याबद्दल एक गोष्ट मला आजही सलते. त्याच अराकानातून, आजच्या रखाइनमधून, २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्याक मुसलमान, लष्कराच्या भीतीनं जीव मुठीत घेऊन बांगलादेशात पळाले आणि २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात देशाची, म्हणजे लष्कराचीच, बाजू मांडायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. १९९० साली त्यांना मानवी हक्कांसाठीचा सखारोव्ह पुरस्कार देणाऱ्या युरोपीय संसदेनं २०२० मध्ये पुरस्कार विजेत्यांच्या उपक्रमांतून त्यांना दूर केलं. पण अटक झाली, आणि दहाच दिवसांत त्याच संसदेनं लष्कराचा निषेध करून त्यांची सुटका मागितली. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं ३९८ विरुद्ध १४ मतांनी निषेधाचा ठराव केला. राग राग राहिला, तरी निवडून आलेल्यांना कोंडलं म्हणून निवडून आलेले बोलले. मला हे फार मोठं वाटतं.

(दृश्य : विधानभवन, सिव्हिल लाइन्स)

२१ डिसेंबर २०२२ रोजी स्यू की आणि इतर कैद्यांच्या सुटकेची मागणी करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १२ मतांनी संमत झाला. चीन, रशिया आणि भारत तटस्थ राहिले. लांबलचक सीमा, ईशान्येतले बंडखोर, शेजारी चीन. दिल्लीची अडचण कळते. पण ज्या देशाच्या भिक्खूनं आपल्याला धम्म दिला, त्याच्याबाबत तटस्थ राहणं जिवाला लागतं.

नेमक्या त्याच आठवड्यात या इमारतीत हिवाळी अधिवेशन चालू होतं. परराष्ट्र धोरण राज्याच्या हातात नाही, कबूल. अधिवेशनात आमदार सकाळी याच पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहतात. कापसासाठी, संत्र्यासाठी, धानासाठी. उभं राहायलाच हवं. पुढच्या डिसेंबरात त्यांतल्या कुणी एकानं ब्रह्मदेशातल्या तुरुंगांत डांबलेल्या लोकप्रतिनिधींसाठीही फलक धरावा, एवढीच माझी मागणी आहे.