जर्सी खोचलेली नव्हती

श्रोतेहो, नमस्कार.

आज बास्केटबॉल. आपल्या नागपुरात या खेळाचे दर्दी काही कमी नाहीत, त्यामुळे ड्रिबल कशाला म्हणतात नि पास कशाला, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. सरळ प्रश्नाकडे येतो. एक संघ पार तळाला गेलाय. जुने गडी निघून गेले, उरलीत सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. दमदार आहेत, उंच आहेत, पण शेवटच्या दोन मिनिटांत सामना हातचा घालवतात. अशा वेळी बाजारात एक पस्तिशीचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत खेळ रचणारा गडी, उपलब्ध आहे. पायातला वेग ओसरलाय, पगार डोळे पांढरे करणारा आहे, पण कोर्टवर काय चाललंय ते त्याला पाठीमागूनही दिसतं. ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाशी देवाणघेवाण करून, त्याला घ्यावा का?

घ्यावा, असं माझं मत आहे. मात्र दोन अटींवर. पहिली अट, संघात शिकणारं कुणीतरी हवं. दुसरी अट, त्याची किंमत उद्या येणाऱ्या पोरांच्या खात्यातून द्यायची नाही. पुन्हा सांगतो, कारण नंतर गोष्टीच्या ओघात हे मागे पडेल. शिकणारं कुणीतरी हवं, आणि उद्याच्या पोरांच्या खात्याला हात लावायचा नाही.

आता ती गोष्ट. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधली, ओक्लाहोमा सिटीच्या संघाची, ओक्लाहोमा सिटी थंडरची.

२०१९चा उन्हाळा. या संघाचे दोन मोठे खेळाडू एकाच महिन्यात गेले. पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला. त्याच्या बदल्यात ढीगभर ड्राफ्ट पिक आले, म्हणजे दरवर्षी लीगमध्ये येणाऱ्या नव्या पोरांना निवडायचे हक्क, ज्यात तळाच्या संघांचा नंबर आधी लागतो. आणि आला शाय गिल्जस-अलेक्झांडर, एकविशीला टेकलेला, जेमतेम एक मोसम खेळलेला. मग ११ मोसम त्याच गावात काढलेला रसेल वेस्टब्रूक ह्यूस्टनला गेला आणि तिकडून आला गार्ड ख्रिस पॉल. वय ३४. उंची सहा फूट, म्हणजे त्या लीगमध्ये बुटकाच. करारात तीन वर्षं बाकी आणि त्या तीन वर्षांचा पगार मिळून १२ कोटी डॉलरच्या वर. बहुतेकांना वाटलं, हा काय इथे टिकतोय, पगाराचा आकडा जुळवण्यापुरता आलाय, पुढच्या गाडीने जाईल.

तो गेला नाही. खेळला. आणि मग उजाडला तो दिवस.

तिकडे ६ डिसेंबर, शुक्रवारची रात्र. आपल्याकडे ७ तारीख, शनिवारची सकाळ. नागपूरची डिसेंबरातली थंडी तुम्हाला सांगायला नको. मी कानटोपी घालून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून टीव्हीसमोर बसलो होतो. नंतर कोर्टवर मुलांचा सराव होता, म्हणून एक डोळा घड्याळाकडे. ओक्लाहोमा सिटी विरुद्ध मिनेसोटा. सामना चढाओढीचा झाला, आणि शेवटी मिनेसोटा पुढे. घड्याळात उरलेत १.१ सेकंद. एक पूर्णांक एक सेकंद, श्रोतेहो. एवढ्या वेळात शिंकही धड पुरी होत नाही. त्यात फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता एका गुणासाठी नेम मारायच्या, रेषेवर मिनेसोटाचा कार्ल-अँथनी टाउन्स. म्हणजे सामना संपलाच. मी कप खाली ठेवला आणि मोजे शोधायला लागलो.

तेवढ्यात मिनेसोटाने एक बदली खेळाडू आत पाठवला. जॉर्डन बेल. बाकावरून उठला, घाईघाईने कोर्टवर आला. आणि त्याची जर्सी बाहेर लोंबत होती. खोचलेली नव्हती.

ख्रिस पॉलने ते पाहिलं.

लक्षात घ्या, संघ हरतोय. दम लागलेला, घामाने निथळतोय. अशा वेळी आपली नजर कुठे असते? चेंडूवर, नाहीतर स्कोअरबोर्डवर. या माणसाची नजर समोरच्याच्या पोटापाशी होती. तो रेफ्रीकडे वळला आणि बोट दाखवलं. जर्सी.

एनबीएचा नियम असा की जर्सी न खोचता कोर्टवर आलात, तर तो खेळात केलेला उशीर धरला जातो. पहिल्यांदा ताकीद मिळते, दुसऱ्यांदा टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. आणि मिनेसोटाला त्या सामन्यात एक ताकीद आधीच मिळून गेली होती. कुणाच्या ध्यानात होती ती? मिनेसोटाच्या नसावी. ख्रिस पॉलच्या होती. त्याने फक्त जर्सी पाहिली असं नाही, ही दुसरी वेळ आहे हेही त्याच्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या मते खरी कमाल तिथे आहे.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. टेक्निकल. ओक्लाहोमाचा इटालियन नेमबाज गॅलिनारी रेषेवर आला आणि त्याने तो फ्री थ्रो घातला. एक गुण. टाउन्सचे फ्री थ्रो आटोपले तेव्हा फरक राहिला दोनचा. तो एक गुण मिळाला नसता, तर फरक तीनचा असता.

मी मोजे हातात घेऊन उभाच.

चेंडू स्टीव्हन अॅडम्सकडे, आपल्या बास्केटखाली, बेसलाइनच्या बाहेर. न्यूझीलंडचा धिप्पाड गडी. त्याने हात मागे नेला आणि चेंडू सरळ या टोकापासून त्या टोकाला फेकला. मिनेसोटाची सगळी मंडळी बेसावध, आणि त्यांच्या मागे श्रोडर, डेनिस श्रोडर, जर्मन गार्ड, धावत सुटलेला. चेंडू हातात आला, ले-अप, म्हणजे बास्केटपाशी धावत जाऊन अलगद घातलेला चेंडू, आणि वेळ संपल्याचा बझर. १२१-१२१. ले-अपचे गुण दोन आणि फरकही नेमका दोनचाच. तीनचा असता, तर त्या ले-अपला काही अर्थ नव्हता. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ओक्लाहोमाने १३९-१२७ असा जिंकला.

काहीजण म्हणाले, हा रडीचा डाव. मला नाही पटत. रडीचा डाव म्हणजे नियम मोडून जिंकणं, नाहीतर हरल्यावर कांगावा करणं. इथे नियम होता, तो दोन्ही संघांना सारखाच होता, आणि एकाला तो पाठ होता. आपल्याकडे कबड्डीत बोनस रेषेचा नियम चढाई करणाऱ्याला बोटावर माहीत असतो. त्याला कुणी रडी म्हणतं का? ओघात सांगतो, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना नियमपुस्तक वाचा म्हटलं की ती मोबाईलवर कुणाचे तरी लांबून मारलेले बास्केट दाखवतात. लांबून मारणं चांगलंच आहे. पण दहा वर्षांचं पोर, चेंडू छातीपासून पोचत नाही, तरी कमरेपासून झोकून देऊन तीन गुणांच्या रेषेवरूनच मारतं, तेव्हा माझा जीव तुटतो. हात बिघडतो त्याने. आधी बास्केटखालून दोनशे, मग हळूहळू मागे. पालक ऐकत असतील तर कृपा करून घरी हे सांगा.

तर, त्या सकाळी मी कोर्टवर गेलो आणि मुलांना रांगेत बसवून ही सगळी हकीकत सांगितली, हातवारे करून. मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोघा-तिघांनी गुपचूप टी-शर्ट इन केले. आणि आमच्या संघातली एक मुलगी, तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल, तिने विचारलं, "सर, पण तो बेल बाकावरून उठला, तेव्हा त्याच्या शेजारच्या कुणी त्याला का नाही सांगितलं?"

श्रोतेहो, मी इतकी वर्षं शिकवतोय, पण माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी समोरच्याची चूक पकडणाऱ्या म्हाताऱ्या गार्डचं कौतुक करत होतो. ती विचारत होती, आपल्याच माणसाला उठताना "अरे, जर्सी" एवढं म्हणणारं बाकावर कुणी का नव्हतं? नव्या पोरांच्या संघात अनुभवी गार्ड हवा तो याच्यासाठी. गुण काय, पोरंही करतात. ही ताकीद दुसरी आहे, हा रेफ्री अमुक गोष्टीला शिट्टी देतो, टाइमआउट एकच उरलाय, आत जाताना जर्सी खोच, हे सतत कानाशी बोलणारं माणूस हवं. प्रशिक्षक बोलतो, पण तो रेषेबाहेर असतो. गार्ड आत असतो.

त्या मोसमात सगळ्या लीगमध्ये शेवटच्या चुरशीच्या मिनिटांत सर्वांत जास्त गुण ख्रिस पॉलने केले. ज्यांना कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं, ते ४४ जिंकले, २८ हरले, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, ह्यूस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. आणि शाय? आधीच्या वर्षी सरासरी १०.८ गुण, या वर्षी १९. वर्षभर ख्रिस पॉलच्या शेजारी उभा राहून तो खेळला. २०२५मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा विजेता झालं. सगळं श्रेय पॉलचं, असं मी म्हणणार नाही, मध्ये पाच वर्षांची त्या पोराची मेहनत आहे. पण शिकणारा होता म्हणून शिकवणारा कामी आला. ही माझी पहिली अट.

दुसरी अट किमतीची. उद्याच्या पोरांचं खातं म्हणजे हे ड्राफ्ट पिक. ओक्लाहोमाने पॉलला घेताना पिक दिले नाहीत, उलट ह्यूस्टनकडून पॉलसोबत पहिल्या फेरीचे पिक घेतले. वर्षभराने, नोव्हेंबर २०२०मध्ये, फिनिक्सने त्याला घेतलं तेव्हा दिलं काय? ओब्रे आणि रुबिओ हे दोन चालते खेळाडू, दोन नवखे आणि पहिल्या फेरीचा एकच पिक, तोही संरक्षित, म्हणजे फार वरचा निघाला तर द्यावा न लागणारा. दहा मोसम प्लेऑफ न पाहिलेला तो संघ. पण बुकर, एटन, ब्रिजेस ही पोरं घरात तयार होती. पॉलचा पगार त्या वर्षी ४ कोटी १० लाख डॉलरच्या वर, म्हणजे संघाच्या पगारमर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त, वय ३५. तरी पहिल्याच वर्षी ५१ विजय आणि थेट अंतिम फेरी. क्लिपर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात पॉलचे ४१ गुण. अंतिम फेरीत मिलवॉकीविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊन ४-२ हरले. पुढच्या वर्षी ६४ विजय, आणि मग डॅलसविरुद्ध सातव्या सामन्यात, घरच्या कोर्टवर, ३३ गुणांनी धुव्वा. पस्तिशीच्या गड्याला घेतलं की हेही ताटात येतं. दोन, फार तर तीन वर्षं. तेवढ्यात पोरांनी शिकून घ्यायचं.

उलटं उदाहरण ब्रुकलिनचं. २०१३. तो संघ नव्याने उभा राहत नव्हता, त्याला विजेतेपदाची घाई झाली होती. बॉस्टनकडून गार्नेट घेतला, पिअर्स घेतला, गार्ड जेसन टेरी घेतला, सगळे पस्तिशीचे आणि पुढचे. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीचे पिक दिले, वर २०१७च्या पिकची अदलाबदल. पहिल्या वर्षी प्लेऑफची एक फेरी जिंकले आणि तिथेच संपलं. २०१६-१७मध्ये ब्रुकलिन ६२ सामने हरलं, आणि त्या हरण्याचं फळ बॉस्टनला मिळालं. जेलन ब्राउन आणि जेसन टेटम बॉस्टनकडे आले ते या पिकांच्याच वाटेने. २०२४मध्ये बॉस्टन त्या दोघांच्या जोरावर विजेता झालं. घरात पेरलं ब्रुकलिनने, कापलं शेजाऱ्याने.

म्हणून पैसे द्या, पगार सोसा, एखादा चालता खेळाडू द्या. पण पिकची थैली मोकळी करू नका.

याच्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. अनुभवी गार्ड आला की संघ जास्त जिंकतो, जास्त जिंकला की ड्राफ्टमध्ये मागे पडतो. ओक्लाहोमानेही पॉल गेल्यावर दोन मोसम सडकून मार खाल्ला आणि त्यातून होल्मग्रेन मिळवला, हे खरं आहे. पण २०१९मध्ये लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची संधी सारखीच झाली, १४ टक्के. म्हणजे सगळ्यांत वाईट असण्याचा फायदा आता कमी झालाय. आणि मला विचाराल तर वीस वर्षांच्या मुलाला दोन-तीन वर्षं रोज हरायची सवय लावणं हे कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. सवय अंगात मुरते. आमच्या इथे एका कोर्टवर दरवर्षी लग्नसराईत मांडव पडतो आणि मुलांचा सराव दोन-दोन महिने बंद राहतो. परत आल्यावर मुलं नेम विसरलेली नसतात, एकमेकांना हाका मारायचं विसरलेली असतात. ते परत आणायला पाऊसकाळ उजाडतो. मैदानं मुलांसाठी मोकळी ठेवा, एवढं मला कुठेही बोलायला मिळालं की मी बोलतोच.

शेवटी सॅन अँटोनिओ. २०२३-२४मध्ये त्यांचे विजय २२, पराभव ६०. हाताशी वेंबान्यामा, वीस वर्षांचा, सव्वासात फुटांच्याही वर, आणि नुकताच ड्राफ्टमध्ये आलेला गार्ड स्टेफन कॅसल. त्यांनी ख्रिस पॉलला बोलावलं, एक वर्षाच्या करारावर. ट्रेड नाही, पिक नाही, काहीच दिलं नाही. विजय २२वरून ३४ झाले. कॅसल त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आणि ख्रिस पॉल मोसमातले ८२ पैकी ८२ सामने खेळला, प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून कोर्टवर. त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तेव्हा तीन आठवडे बाकी होते.

वेळ झाली, श्रोतेहो. नमस्कार.