फोन घरात आहे, पण कोणाचा?

(पडद्यावर: भिंतीजवळ चार्जिंगला लावलेला एक स्मार्टफोन. आजूबाजूला अंधार.)

या घरात एकच फोन आहे. तो सकाळी घरातल्या पुरुषाबरोबर बाहेर पडतो आणि दिवस मावळल्यावर परततो, तेव्हा त्याची बॅटरी संपत आलेली असते. मग तो चार्जिंगला लागतो, त्यावर मुलगा थोडा वेळ खेळतो, आणि निजानीज झाल्यावर, मागचे सगळे आवरून झालेल्या बाईच्या हाती तो आला तर येतो. त्याचा पासवर्ड तिला मुलाला विचारावा लागतो. पाहणी करणारा दारात येऊन ‘घरात इंटरनेट आहे का’ असे विचारतो, तेव्हा त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते.

विकसनशील देशांत इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील तफावत समजून घ्यायची, तर या ‘हो’पाशी जरा थांबावे लागते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील ७० टक्के पुरुष आणि ६५ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरत होत्या. ऐकताना हे अंतर किरकोळ वाटते. श्रीमंत देशांत आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात ते जवळजवळ मिटलेच आहे, त्यामुळे जगाच्या सरासरीत गरीब देशांचे चित्र झाकले जाते. सर्वांत कमी विकसित देशांत हेच प्रमाण पुरुषांमध्ये ४१ टक्के, तर स्त्रियांमध्ये २९ टक्के होते. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिच्या पाहणीनुसार, २०२३ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रियांनी मोबाइलवर इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी होती. दक्षिण आशियात ही तूट ३१ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ३२ टक्के होती.

आता ‘वापर’ या शब्दाकडे पाहू. दूरसंचार संघाच्या व्याख्येत गेल्या तीन महिन्यांत एकदा जरी इंटरनेट वापरले, तरी ती व्यक्ती वापरकर्ती ठरते. दिवसभर फोनवर व्यवहार करणारा पुरुष आणि त्याच फोनवरून महिन्याकाठी माहेरी व्हिडिओ कॉल करणारी त्याची बायको, दोघांचीही नोंद सारखीच होते. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, प्रश्न याहूनही सैल होता: कधीतरी इंटरनेट वापरले आहे का? तरीही ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. त्याच पाहणीत स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. हातात फोन असणे आणि इंटरनेट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन आकड्यांतून उघड होते.

बायकांना तंत्रज्ञानाची आवडच नसते, असे स्पष्टीकरण फार सहज दिले जाते. मार्टिन हिल्बर्ट या अभ्यासकाने लॅटिन अमेरिकेतील १२ आणि आफ्रिकेतील १३ देशांची माहिती तपासून २०११ मध्ये त्याला छेद देणारा निष्कर्ष मांडला: नोकरी, शिक्षण आणि उत्पन्न सारखे धरून तुलना केली, तर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक सक्रिय वापरकर्त्या ठरतात. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित निष्कर्ष आहे. अर्थात संख्याशास्त्रात उत्पन्न ‘सारखे धरता’ येते, घरात ते तसे नसते.

हँडसेटची किंमत आणि वाचता न येणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. कागदपत्रांचे कारण मात्र सहसा बोलले जात नाही. अनेक देशांत सिमकार्ड घेताना ओळखपत्र लागते. ते नसेल तर सिम नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर येते आणि त्यावरचे मोबाइल पैशांचे खातेही त्याच्याच नावावर उघडते. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या, मोबाइलवरून पैसे ठेवण्या-पाठवण्याच्या एम-पेसा सेवेमुळे सुमारे १,८५,००० स्त्रिया शेतीकडून व्यवसायाकडे वळल्या, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. खाते कोणाच्या नावावर आहे याला एवढे महत्त्व का, हे त्यावरून कळावे.

आणि सुरक्षिततेचे काय? एखाद्या मुलीला अनोळखी माणसाचे घाणेरडे संदेश येऊ लागले, की घरातला पहिला उपाय बहुधा तिच्याकडून फोन काढून घेण्याचा असतो. म्हणून अनेक जणी असे काही घडले तरी घरी सांगतच नाहीत.

(पडद्यावर: पाहणीचा छापील अर्ज.)

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ‘५ ख’ हे लक्ष्य स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी तंत्रज्ञानाचा वापर वाढवण्याचे आहे. त्याचा निर्देशक घरातले फोन मोजत नाही. मोबाइल स्वतःच्या मालकीचा असलेल्या व्यक्ती मोजतो, तेही स्त्री आणि पुरुष अशा वेगळ्या रकान्यांत. अनेक गरीब देशांतून हे रकाने अजून भरून येत नाहीत, आणि तिथल्या स्त्रियांचा आकडा इतर माहितीवरून अंदाजानेच मांडावा लागतो.