ऑगस्टीनच्या बागेत एवढी गर्दी कशी?

नमस्कार. मला दिलेला विषय आहे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा श्रद्धेचा प्रवास आणि साहित्य. आता हा एवढा मोठा विषय एका संध्याकाळी घ्यायचा म्हटलं तर नुसती नावांची यादी वाचून होईल आणि तुम्हीही मोबाईल काढाल, म्हणून मी एकच पुस्तक धरतो. ऑगस्टीन या ख्रिस्ती संताचं आत्मकथन, 'कन्फेशन्स'. तेरा भाग आहेत त्याचे, त्यातला मुख्यतः आठवा.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म ३५४ साली, थागास्ते नावाच्या गावात, आजच्या अल्जीरियात. म्हणजे आफ्रिकेतला माणूस, हे लोक विसरतात. वडील पॅट्रिशियस फार श्रीमंत नव्हते पण पोराला शिकवायचंच अशी जिद्द, आई मोनिका कट्टर ख्रिस्ती. पोरगा हुशार, आफ्रिकेतल्याच कार्थेज शहरात शिकायला गेला, तिथे एका बाईबरोबर राहायला लागला, मुलगा झाला, त्याचं नाव अदेओदातस. एकोणीस वर्षांचा असताना सिसेरो या रोमन वक्त्याचं एक पुस्तक हाती आलं आणि डोकं फिरलं, ज्ञानाचा शोध घ्यायचा म्हणून मग मानी नावाच्या इराणी प्रेषिताच्या पंथात गेला, तिथे नऊ वर्षं काढली. मग रोम, मग मिलान. मिलानला भाषणकलेचा प्रोफेसर, एकदम मोठा सरकारी जॉब. रोमला का गेला तर कार्थेजची पोरं वर्गात धिंगाणा घालायची, आणि रोमला गेल्यावर कळलं की इथली पोरं फी द्यायची वेळ आली की सर बदलतात! शिक्षक मंडळी हसतायत, म्हणजे तुम्हाला कळलं.

रोमला निघताना आईला फसवून गेला बरं का. एका मित्राला निरोप द्यायला जातोय अशी थाप मारली, ती बंदराजवळ सिप्रियन संताच्या देवळात रात्रभर प्रार्थना करत बसली आणि हा जहाजात. पण मोनिका ती मोनिका, मागोमाग समुद्र ओलांडून मिलानला हजर.

आता ३८६ चा उन्हाळा, मिलानमधली ती प्रसिद्ध बाग. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की ऑगस्टीन अंजिराच्या झाडाखाली रडत पडलाय, शेजारच्या घरातून लहान पोराचा आवाज येतो, मुलगा की मुलगी ते त्यालाही कळलं नाही, 'घे आणि वाच, घे आणि वाच', तो बायबलमधल्या पौल प्रेषिताच्या पत्रांचं पुस्तक उघडतो, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातली ओळ समोर येते, दारूबाजी रंगेलपणा सोडा आणि ख्रिस्ताला पांघरा अशा अर्थाची, आणि संपलं, माणूस बदलला. चित्रांत पण असंच काढतात, एकटा माणूस, झाड, पुस्तक.

पण आठवा भाग सुरुवातीपासून वाचा. बाग येते अगदी शेवटी. त्याआधी पानंच्या पानं तो दुसऱ्या लोकांच्या गोष्टी ऐकतोय! पहिल्यांदा जातो सिंप्लिसियानस नावाच्या म्हाताऱ्या पाद्र्याकडे. तो याला उपदेश देत नाही, व्हिक्टोरिनसची गोष्ट सांगतो. हा व्हिक्टोरिनस पण भाषणकलेचा प्रोफेसर, पण आफ्रिकेतला, रोममध्ये ट्राजनच्या चौकात त्याचा पुतळा. तो सिंप्लिसियानसला खासगीत म्हणायचा की मी मनाने ख्रिस्तीच आहे, आणि हा म्हातारा म्हणायचा चर्चमध्ये येशील तेव्हा मानू, त्यावर तो हसून विचारायचा, मग भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का? शेवटी एक दिवस तोच म्हणाला चला चर्चला, आणि गुपचूप करायची सोय असूनही सगळ्यांसमोर उभं राहून कबुली दिली. बघा म्हाताऱ्याने काय केलं, समोर बसलेल्याच्याच पेशाचा, त्याच्याच मुलखाचा माणूस शोधून त्याची गोष्ट काढली. ऑगस्टीन लिहितो की ऐकल्यावर तसंच करायची आग लागली. आणि केलं काय? काहीच नाही. घरी गेला.

मग दुसरी गोष्ट. पोन्टिशियानस नावाचा दरबारी, हाही आफ्रिकेकडचा, सहज भेटायला आला, खेळायच्या टेबलावर पौलाचं पुस्तक पडलेलं दिसलं आणि बोलणं वळलं इजिप्तच्या अँटनीकडे. वाळवंटात राहिलेला हा संन्यासी, याच्याबद्दल ऑगस्टीनला तोपर्यंत काही माहितीच नव्हतं. पोन्टिशियानस सांगतो की आम्ही चौघे त्रिअर शहरात (आजच्या जर्मनीत) होतो, बादशहा रथांच्या शर्यती बघत होता म्हणून बागांमधून फिरायला गेलो, दोघांना एका झोपडीत अँटनीचं चरित्र मिळालं, एक जण वाचायला लागला आणि वाचता वाचता नोकरी सोडायचं ठरवून मोकळा, दुसराही त्याच्याबरोबर. दोघांची लग्नं ठरलेली होती. नवऱ्यामुलींना कळल्यावर त्यांनीही ब्रह्मचर्य घेतलं.

आणि अँटनी स्वतः कसा बदलला होता? चर्चमध्ये शिरला तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाचन चालू होतं, असेल ते विकून गरिबांना दे, आणि त्याला वाटलं हे मलाच म्हणतायत.

आता परत या बागेत. पोराचा आवाज आल्यावर ऑगस्टीनला काय आठवतं? तो स्वतः लिहितो, अँटनी आठवला. म्हणजे कानावर पडलेला शब्द स्वतःसाठी आहे असं धरायचं असतं हे त्याला तासाभरापूर्वी ऐकलेल्या गोष्टीनेच शिकवलं होतं, नाहीतर शेजारची पोरं काहीतरी खेळतायत म्हणून सोडून दिलं असतं. आणि बागेत तो एकटाही नाही, मित्र आलिपियस आहे. ऑगस्टीनने पानात बोट घालून पुस्तक मिटलं, मित्राला सांगितलं, त्याने पुढची ओळ वाचली, जो विश्वासात दुबळा आहे त्याला जवळ करा, म्हणाला ही माझी. मग दोघे आत मोनिकाला सांगायला. मला हा भाग फार आवडतो, की एवढ्या मोठ्या प्रसंगात मित्राला पण एक ओळ मिळते.

हे असंच घडलं का, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. फ्रेंच अभ्यासक पिएर कुर्सेल यांनी १९५० मध्ये मांडलं की यात साहित्यिक रचना बरीच आहे, आणि खरंच, त्या प्रसंगानंतर काही महिन्यांत ऑगस्टीनने जे संवाद लिहिले त्यात या बागेचा पत्ता नाही, बाग येते दहा-अकरा वर्षांनी, तो आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप झाल्यावर. माझं मत विचाराल तर काहीतरी घडलं असणार, पण त्याला आकार दिला तो ऐकलेल्या गोष्टींनी. आणि एक गंमत, एवढं होऊनही राजीनामा लगेच दिला नाही! द्राक्षतोडणीच्या सुट्टीला वीसेक दिवस उरले होते, तेवढे काढले, वर छाती दुखते हे कारणही तयार होतं. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरला, मिलानचा बिशप अँब्रोज याच्या हातून, मुलगा आणि आलिपियससोबत.

पुढे ही साखळी चालूच राहते. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ मध्ये व्हेंटू डोंगरावर चढल्याचं एका पत्रात लिहितो, वर जाऊन खिशातलं 'कन्फेशन्स' उघडलं तर ओळ निघाली की माणसं डोंगर बघायला जातात आणि स्वतःला विसरतात. ते पत्र बरंच नंतर लिहिलं असावं असं आज मानतात, म्हणजे त्यानेही ऑगस्टीनची युक्ती उचलली.

आता जे मला खटकतं ते. या पुस्तकात आईचं नाव आहे, मित्रांची आहेत, पण पंधरा एक वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिचं नाव नाही. चांगल्या घरची मुलगी सांगून आली म्हणून हिला मिलानहून आफ्रिकेला परत पाठवलं, मुलगा ठेवून घेतला. ती जाताना शपथ घेऊन गेली की दुसरा पुरुष करणार नाही, आणि याने मधल्या काळात दुसरी बाई ठेवली, हे त्यानेच लिहिलंय, लपवलं नाही, ते त्याच्या खाती जमा. पण ती काय म्हणाली असती? बायका लिहीत नव्हत्या असंही नाही, त्याच कार्थेजमध्ये २०३ साली पर्पेटुआ नावाची बावीसेक वर्षांची लेकुरवाळी ख्रिस्ती बाई आखाड्यात रानटी जनावरांपुढे जायच्या आधी तुरुंगातली डायरी ठेवून गेली, वडील विनवण्या करतायत, तान्हं पोर, स्वप्नात दिसलेली काशाची शिडी, सगळं तिच्या तोंडून. तिच्या सणाला ऑगस्टीनने स्वतः प्रवचनं दिलीत.

म्हणून आपण मराठी लोक या बाबतीत नशीबवान आहोत असं मला वाटतं. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अनोळखी माणूस, हातात आलेलं पुस्तक, सगळं ऑगस्टीनच्या वळणाचं. पण इथे मागे राहिलेल्या बाईने लिहिलं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याचं धर्मांतर घरातून कसं दिसतं ते आहे, तिचं वेड्यासारखं होणं, काही वर्षांनी त्याच्याकडे येऊन राहूनही सोवळं सांभाळणं, आणि मग तिचा स्वतःचा, त्याच्यापेक्षा हळू आणि माझ्या मते जास्त खरा वाटणारा बदल. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, आठवा भाग आधी. प्रश्न असतील तर आता घेऊ.