ओरडतो बेल्ट, दुखणं कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात सकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. कुणीतरी जुन्या गाडीला सेल्फ मारतं, इंजिन सुरू होतं आणि बॉनेटखालून लांबलचक चीं... अशी किंकाळी निघते. थोड्या वेळाने ती आपोआप थांबते. काही जण म्हणतात, पावसाळी हवा आहे, चालायचंच. काही जण लगेच गॅरेज गाठून नवा बेल्ट टाकून घेतात, आणि चार दिवसांत आवाज पुन्हा हजर होतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की बेल्ट बदलायच्या आधी तो का ओरडतो ते शोधा. ओरडतो बेल्ट, पण दुखणं अनेकदा दुसऱ्याचंच असतं.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला एक पुली असते. तिच्यावरून हा रबरी पट्टा वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप फिरवतो, आणि गाडीप्रमाणे एसीचा कम्प्रेसर किंवा पॉवर स्टेअरिंगचा पंपही. यातलं काही जड फिरायला लागलं, किंवा पट्टा सैल झाला, की तो पुलीवर घसरतो. ते घसरणं म्हणजेच ती किंकाळी. टायमिंग बेल्ट वेगळा. तो दातेरी असतो आणि झाकणाआड असतो, त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

आता आवाज नेमका केव्हा येतो याकडे कान द्या. इथेच निम्मं निदान होतं. फक्त सकाळी, गाडी सुरू केल्या केल्या येत असेल तर अल्टरनेटरचा विचार करा. स्टार्टरने बॅटरीतून खेचलेली वीज त्याला भरून काढायची असते, त्यात पावसात वायपर, हेडलाइट, काच पुसायला ब्लोअर, सगळं एकदम चालू. त्यामुळे त्याच वेळी पट्ट्यावर भार सर्वात जास्त. बॅटरी म्हातारी झाली असेल तर हा भार लवकर उतरतच नाही, आणि दोष मात्र बेल्टच्या माथी. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर आवाज आला तर पॉवर स्टेअरिंगची बाजू बघा, एसीचं बटण दाबताच आला तर कम्प्रेसरची.

यानंतर पाण्याची परीक्षा. खिडक्या पुसायला असते तशी फवारणीची बाटली घ्या, साधं पाणी भरा. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळं आधी आवरून घ्या. फिरत्या पट्ट्यात बोट गेलं तर ते वाचत नाही. पाणी पडताच आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे, म्हणजे ताण कमी आहे किंवा पट्टा ताणून धरणारा टेन्शनर थकला आहे. पाणी पडताच आवाज थांबला आणि सुकल्यावर परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. अशा वेळी किंकाळीपेक्षा चिमणीसारखं तुटक चिवचिवणं ऐकू येतं. या गाडीला नवा बेल्ट टाकलात तरी तोही चिवचिवणारच, कारण वाकडी पुली तशीच आहे.

पाण्याने काहीच फरक पडला नाही, आणि आवाज घरघरीसारखा असेल, तर बेअरिंगचा संशय घ्या. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, किल्ली खिशात ठेवा, मग बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. चांगली पुली मुकाट फिरते. खराब बेअरिंगची पुली बोटांना खरखर लागते, वाळू अडकल्यासारखी, किंवा धरून हलवली तर डगडगते. आठवडाभर लोकलने जायचं आणि गाडी फक्त रविवारी काढायची, ही आपल्याकडची रीत. खारट, दमट हवेत उभ्या गाडीच्या पुल्यांवर गंज धरतो आणि तो खडबडीतपणा पट्टा खातो. बॉनेटखाली काळी रबरी भुकटी दिसली तर समजून जा.

पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरनंतर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण जीव लावून सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. अशा जुन्या गाडीच्या व्ही-बेल्टची पकड तळाने नव्हे, दोन्ही बाजूंनी असते. बेल्ट उतरवून पुलीच्या खाचेत डोकावा. खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल, तर झिजलेला पट्टा तळाला टेकतोय, तिथे कितीही ताणलात तरी तो घसरणारच. पट्ट्याच्या बाजू आरशासारख्या चमकत असतील तर तो बेल्ट फेकून द्या. उलट आजचे बरेच खाचांचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ते झिजतात, पण सहसा तडकत नाहीत. म्हणून ‘भेगा नाहीत, बेल्ट चांगला आहे’ हे जुनं गणित त्यांना लागू होत नाही, खाचांची खोली मोजावी लागते.

बेल्टवर मारायचा स्प्रे दुकानात सहज मिळतो. आवाज तेवढ्यापुरता जातो, मूळ कारण तसंच राहतं, आणि चिकट थरावर धूळ बसते. तो वापरू नका, हे मी ठामपणे सांगतो. तेल किंवा कूलंट गळून बेल्टवर आलं असेल तर आधी गळती बंद करा, मगच नवा बेल्ट. आणि पाना हातात आला म्हणून वाटेल तेवढं ताणू नका. जास्तीचा ताण वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. गाडीच्या पुस्तिकेत ताण दिलेला असतो, तोच पाळा.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘बेल्ट बदला’ असं सांगू नका. आवाज केव्हा येतो, पाणी मारल्यावर काय झालं, कोणती पुली खरखरली, ते सांगा. चांगला मिस्त्री पुढचं स्वतः शोधेल. मात्र चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटाही वर चढू लागला, तर पट्टा तुटला असं धरा. पुढच्या सिग्नलची वाट बघू नका. गाडी सुरक्षित कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि टोइंगला फोन करा. नमस्कार.