बंगला, पण गवताचा

बंगालच्या खेड्यातल्या एका घराचं हे पेन्सिलचित्र. त्यातली छपराची ही रेघ बघा. मधे उंच, दोन्ही टोकांना झुकलेली, पालथ्या घातलेल्या होडीसारखी. पेन्सिल एका दमात फिरलीये. खाली मातीची भिंत, तिच्यावर जवळजवळ काहीच नाही. कागद कोरा सोडलाय, आणि ऊन तिथेच पडलंय. झाडांची पानं मोजत बसलेला नाही हा गडी. आखूड, तिरक्या रेघांची दाट वीण घातली की झाली सावली.

हात जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराचा. जन्म लंडनचा, १७७४ चा. १८०२ मध्ये मद्रासला उतरला, तिथून कलकत्ता, मधली काही वर्षं ढाका. पोट चालायचं ते साहेबलोकांच्या तसबिरींवर. खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोसुद्धा त्याच्यापुढे बसला. मला विचाराल तर त्या तसबिरींपेक्षा ही खेड्यातली पानं सरस.

आता कोपऱ्यात या. मुंग्यांची रांग गेल्यासारख्या खुणा दिसतात. ही भाषा बंगाली नव्हे, इंग्रजीच आहे, पण शॉर्टहँडमधली. गर्नी नावाची जुनी पद्धत. कुठे काय दुरुस्त करायचं, काय भरायचं राहिलंय, अशी स्वतःपुरती टिपणं.

छप्पर वाकडं का? बांबू वाकतो म्हणून. शिवाय बंगालचा पाऊस अशा उतारावरून भराभर ओघळून जातो, मातीच्या भिंतीत मुरत नाही. गवताची ही पाठ चिनरीच्या कितीतरी आधी विटांच्या देवळांनी उचलली होती. बंगालमधल्या विष्णुपूरचं जोडबांगला मंदिर १६५५ चं. शाहजहाननं तर आग्र्याच्या किल्ल्यात खास महालाच्या दोन्ही अंगांना हीच वळणदार छपरं चढवली.

अशा घराला म्हणायचे बांगला. म्हणजे बंगालचं, बंगाली धाटणीचं. इंग्रजांनी त्याला ऐसपैस ओसरी जोडली आणि ते आपल्या छावण्यांमधून देशभर फिरवलं. आपल्याकडे शब्द रुळला तोवर गवत गळून पडलं होतं. आज कुणी बंगला बांधला म्हटलं की आपण आधी फाटक केवढं ते विचारतो.

चिनरीच्या डोक्यावर मात्र कर्ज चढत गेलं. १८२५ मध्ये देणेकऱ्यांना चुकवून त्यानं चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव गाठलं आणि १८५२ मध्ये तिथेच वारला. किनाऱ्यावर जुन्या होड्यांचीच घरं करून राहणारी माणसं त्याला तिथे भेटली. त्यांचीही घरं त्यानं काढली. कोपऱ्यात पुन्हा त्याच मुंग्या.