दुखणं हार्टचं, औषध रक्ताला

[पडद्यावर: सीबीसीचा रिपोर्ट, हिमोग्लोबिनच्या आकड्यापुढे छोटा बाण]

हा बाण बघा. हिमोग्लोबिन 10.4, बाण खाली, प्लेटलेटही जरा कमीच. लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, तरी बाण काही हलेना. मग डॉक्टर कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडात सुई घालतात, मॅरो म्हणजे हाडातला मगज काढतात, आणि रिपोर्ट येतो की कॅन्सर नाहीये, पण रक्तातल्या काही पेशींमध्ये म्युटेशन, म्हणजे जीनमधली चूक, सापडलंय. आता घरी फोन करून पेढे वाटा सांगायचं की काय सांगायचं?

याला सीसीयूएस म्हणतात. एका बिघडलेल्या पेशीची पिलावळ वाढलीय, रक्त कमी बनतंय, पण कॅन्सर म्हणण्याइतकं काही दिसत नाही. यातल्या काहींना पुढे एमडीएस हा मॅरोचा कॅन्सर होतो, काहींना ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, काहींना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं आणि वाट बघायची, बास.

[पडद्यावर: हाडाचा छेद]

रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी या मॅरोत असतात. वय झालं की एखादीच्या जीनमध्ये चूक होते, टेट टू नावाचा जीन त्यातला नेहमीचा गिऱ्हाईक, आणि 2014 मध्ये कळलं की सत्तरीपुढच्या दहा माणसांत निदान एकाच्या रक्तात अशी पिलावळ असते, बहुतेकांना पत्ताही नसतो. टेट टू बिघडलेल्या पेशी इंटरल्युकिन वन बीटा जास्त सोडतात, म्हणजे तेच रसायन जे ताप आणि सूज आणतं, आणि त्या दाहात चांगल्या पेशी दमतात पण या बिघडलेल्या मस्त तगून राहतात. पाऊस ओढ देतो तेव्हा पीक करपतं आणि काँग्रेस गवत बांधावर डुलत असतं ना, तसंच. फक्त इथं दुष्काळही गवतच पाडतंय.

मग ते रसायनच अडवलं तर?

अडवणारं औषध आधीच होतं. कॅनाकिनुमॅब, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, 2009 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते जन्मजात तापाच्या एका दुर्मिळ आजारासाठी. पुढे बोस्टनचे डॉक्टर पॉल रिडकर यांनी ते हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 10,061 लोकांवर तपासलं, कॅन्टोस नावाची ट्रायल, 2017 मध्ये निकाल आला. 150 मिलिग्रॅमच्या डोसला अटॅक, स्ट्रोक वगैरे 15 टक्क्यांनी कमी झाले, पण इन्फेक्शनने जाणारे वाढले, आणि हार्टसाठी काही मंजुरी मिळाली नाही.

गंमत पुढे आहे. त्या ट्रायलमधल्या काही लोकांच्या रक्ताचा डीएनए नंतर तपासला, 3,925 पैकी 338 जणांत ती पिलावळ निघाली, आणि टेट टूवाल्यांना औषधाचा फायदा बाकीच्यांपेक्षा जास्त झाल्यासारखं दिसलं. टेट टूवाले मूठभरच होते, त्यामुळे यावर लगेच नाचण्यात अर्थ नाही. पण औषध घेणाऱ्यांत अ‍ॅनिमियाही कमी झाला होता, आणि रक्तवाल्या डॉक्टरांचे कान तिथे टवकारले.

[पडद्यावर: नॅशव्हिल शहर, मग हॉस्पिटलचा कॉरिडॉर]

आता अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधून सीसीयूएसच्या पेशंटवरच ट्रायल सुरू झाली, कोणाला कॅनाकिनुमॅब, कोणाला नुसतं प्लासिबो म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, कोणाला काय ते डॉक्टरलाही माहीत नाही. बघायचंय एवढंच की कॅन्सरकडे जाणं लांबतं का.

मला यात दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे, ज्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी असू शकतात त्यांना इन्फेक्शन वाढवणारं औषध द्यायचं, तेही अजून कॅन्सर नसताना. दुसरी म्हणजे, कॅन्टोसमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सरही खूप कमी झालेला दिसला होता, सगळे खूश झाले, आणि मग खास त्यासाठी केलेल्या मोठ्या ट्रायल एकापाठोपाठ फेल गेल्या. फरक इतकाच की तिथे कॅन्सर झालेला होता, इथे तो अजून यायचाय.

[पडद्यावर: नर्स दंडावर कापसाचा बोळा धरते]

इंजेक्शन झालं. आत काय होतं ते नर्सलाही ठाऊक नाही. पेशंट बाही खाली करतो, पुढची तारीख विचारतो.